सुंदराजिजीची जीभ

होळीची राख थंड झाली की डिंडोलीतल्या त्या सोसायटीत उडदाची पिठं दळून यायला लागत. पीठ घरात आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतून हाक येई, "जिजी, पानी उकळनं ओ!" एवढंच. कसलं पाणी, कशाला उकळलं, हे कुणी सांगत नसे आणि सुंदराजिजी विचारत नसे. ती पदर खोचायची, पायानं चाचपून चपला शोधायची आणि कठड्याला धरून जिना उतरायची.

काम असं होतं. उडदाच्या पापडाचं पीठ साध्या पाण्यात भिजवत नाहीत. पाण्यात मीठ आणि पापडखार घालून ते उकळतात, निववतात, मग त्यात पीठ घट्ट मळून मुसळीनं कुटतात. पापड वाळून डब्यात गेले की वर्षभर खारट तर खारट आणि अळणी तर अळणी, आणि वर्षभर तेच पाहुण्यांच्या ताटात. म्हणून सुंदराजिजी आधी चमचाभर पाणी तोंडात घ्यायची आणि डोळे मिटायची. जमलेल्या बायका तिच्या गळ्याकडे बघत राहायच्या. घोट खाली उतरला की निकाल. "चिमूटभर आखो टाक." किंवा नुसतं, "बस." पीठ कुटून झालं की तेलात बुडवलेली सुपारीएवढी गोळी. काही कमीजास्त केलं असेल तर पुन्हा एक गोळी. आणि शेवटी पिठाच्या लांब वळीवर दोरा फिरवून लाट्या पाडायला घेतल्या की एक लाटी खात्रीसाठी.

कच्च्या पिठात मीठ जरा कमीच लागायला हवं, भाजल्यावर ते वर येतं. किती कमी, हे जिजीच्या जिभेला कळायचं आणि बाकी कुणाच्या जिभेला कळायचं नाही, असं सोसायटीत ठरलेलं होतं. ठरायला कारण होतं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी नवरा शालिग्रामच्या मागे ती अमळनेरकडून तापी लाईनच्या पॅसेंजरनं सुरतेत आली, त्याच उन्हाळ्यात चौदा किलोचे पापड खारट झाले होते. नव्या आलेल्या या बाईनं लाटायच्या आधीच तसं सांगितलं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं. ते पापड शेवटी लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, वाटले गेले आणि कारागीर दिवसभर पाणी पीत राहिले. तेव्हापासून जिजी चाखते. हे पद तिला कुणी दिलेलं नव्हतं, त्यामुळे ते कुणाला काढूनही घेता येत नव्हतं.

उपासाचा प्रश्नही तेव्हाच निकालात निघाला होता. उन्हाळ्यात चतुर्थ्या येतात, एकादश्या येतात आणि जिजी एकही उपास सोडत नाही. मग उपासाच्या दिवशी चाखायचं कसं? शेजारच्या सरलाबाईच्या ओट्यावर तासभर विचार झाला आणि ठरलं की चाखणं म्हणजे खाणं नव्हे. खातो तो पोटासाठी, चाखतो तो दुसऱ्यासाठी. देवाची त्यावर तीस वर्षांत काही तक्रार आली नाही.

आता ती एकसष्ट वर्षांची होती आणि तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. डावाही त्याच वाटेनं निघाला होता. घरी बसून ती साड्यांचे धागे कापायची, गठ्ठे यायचे, कापून जायचे. दिवाळीत तिनं धाग्याबरोबर साडीची दीड वीत किनार कापली. गठ्ठे देणारा म्हणाला, मासी, आराम करो. सुंदराजिजीला आराम करायची सवय नव्हती. ती दारात बसून गल्लीतल्या माणसांना चालीवरून ओळखायचा प्रयत्न करू लागली. एकदा गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला तिनं आपला मुलगा प्रवीण समजून "जेवी ले" म्हटलं. माणूस भला होता. जेवला नाही, पण पाणी पिऊन गेला.

ट्रस्टच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलनं जानेवारीतली तारीख दिली. सकाळी उपाशीपोटी सून उज्ज्वला तिला घेऊन गेली. सिस्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा बघितला, पुन्हा फुगवला. एकशे शहाण्णव, खाली एकशे आठ.

"माजी, ऑपरेशन नाही होणार," सिस्टर म्हणाली.

"डोळा उजवा शे," जिजी म्हणाली. "तुम्ही हात काबरं तपासतस?"

सिस्टरनं समजावून सांगितलं. वरचा आकडा एकशेसाठच्या आत आला पाहिजे, नाहीतर डोळ्यात रक्त उतरायची भीती. फेब्रुवारीत दुसरी तारीख मिळाली, तेव्हा एकशे अठ्ठ्याऐंशी. पुन्हा परत. तिसरी तारीख मिळाली ती दहा मे. डॉक्टर म्हणाले, हा मोतीबिंदू पिकत चाललाय, याच्यानंतर माझी रांग दिवाळीपर्यंत भरलेली आहे आणि दिवाळीपर्यंत हा थांबेल असं मला वाटत नाही. हे वाक्य उज्ज्वलानं घरी येईपर्यंत तीन वेळा सांगितलं. जिजीनं तिन्ही वेळा "हां" म्हटलं.

नाक्यावर डॉक्टर भूपेंद्रचा दवाखाना होता. माणूस सुरतेचाच, पण वीस वर्षं डिंडोलीत खान्देशी पेशंट बघून त्याची भाषा मधल्या कुठल्यातरी स्टेशनावर उतरलेली होती. त्यानं रोज सकाळची एक गोळी दिली. मीठ कमी. पापड, लोणचं, फरसाण, चिवडा बंद. रोज अर्धा तास चालायचं.

"डोकं दुखत नाही माझं," जिजी म्हणाली. डॉक्टरांशी बोलताना ती जमेल तेवढी मराठी काढायची. "चक्करही येत नाही. मग बीपी कसा?"

"बा, ते दुखत नाही, ती तर तकलीफ छे," डॉक्टर म्हणाले. आईच्या वयाच्या बाईला ते गुजराती रीतीनं बा म्हणायचे. "दुखलं असतं तर तमे दहा वर्षं पहिला आल्या असत्या."

सुंदराजिजीनं एकदा काम हातात घेतलं की अर्धवट ठेवलं नाही, एवढं तिच्याबद्दल सोसायटीत कुणीही सांगेल. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. भाजीत, वरणात मीठ नावाला उरलं. शालिग्रामनं पस्तीस वर्षं लूम चालवली होती, त्याच्या कानात खटखट अजून बंद झालेली नव्हती आणि तो जे बोले ते त्या खटखटीच्या वर बोले. पहिल्या दिवशी त्यानं वरणाचा घास घेतला आणि गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "आज कोन मरनं?" दुसऱ्या दिवसापासून तो खिशात मिठाची पुडी ठेवू लागला. रोज संध्याकाळी तोच तिला हाताला धरून तळ्याभोवती दोन चकरा मारून आणायचा. तिला दिसत नव्हतं आणि त्याला ऐकू येत नव्हतं. चालणं बिनबोभाट व्हायचं.

गोळीही चुकली नाही. एकदा फक्त चुकायला आली. सरलाबाईलाही बीपी होता आणि एका सकाळी ती वाटी घेऊन आल्यासारखी दारात आली.

"जिजी, एक गोळी दे वं. मनी सरनी. सकाय देसू."

जिजीनं डबी उघडलीसुद्धा होती. उज्ज्वला आडवी आली. "काकू, तुमची गुलाबी आहे, यांची पांढरी. साखर आहे का ती, उसनी द्यायला?"

"रंगले काय करनं शे, पोटमाच जास ना," सरलाबाई म्हणाली. पण वाटीबिटी काही नव्हतीच, रिकाम्या हातानं गेली.

एवढं सगळं करून मार्चच्या मध्यावर आकडा आला एकशे चौऱ्याऐंशी. डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवली. आठवड्यानं एकशे ब्याऐंशी. दोन गोळ्या, अळणी वरण, तळ्याच्या चकरा, आणि सगळं मिळून दोन आकडे.

"बा, खरं बोला. चोरून काय खाता?"

जिजीचा चेहरा असा झाला की डॉक्टरांनी लगेच "मजाक करतो" म्हटलं. मग ते उज्ज्वलाकडे वळले. म्हणाले, सात दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत यांच्या पोटात जे जाईल ते लिहून आणा. उज्ज्वला उधन्याला बारावी सायन्स झालेली होती आणि तिच्या शिक्षणाचा सासरी आजवर कुणी उपयोग करून घेतला नव्हता. तिनं दोनशे पानी वही आणली, रेघा आखल्या, पोळ्यांच्या कणकेतलं मीठसुद्धा वजनकाट्यावर मोजलं. सात दिवसांनी डॉक्टर वही वाचत होते. वाचता वाचता ते थकत गेलेले दिसत होते. एवढं स्वच्छ खाणं त्यांच्या स्वतःच्या घरी नव्हतं.

तेवढ्यात उज्ज्वलाचा फोन वाजला. तिनं चुकून स्पीकरवर घेतला आणि सरलाबाईचा आवाज दवाखानाभर झाला. "उज्जू, जिजीले लवकर धाड. तीन घरसना पानी उकळी राह्यनात. चाखाले कोनी नही."

डॉक्टरांनी वही मिटली नाही. बोट तसंच ठेवून विचारलं, "शुं चाखवानुं?"

सुंदराजिजीनं सांगितलं. पाण्याचा चमचा, मग गोळी, मग दुसरी गोळी, मग लाटी. चौदा किलोच्या खारट पापडांची गोष्टही सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय बाकीचं कळत नाही.

"दिवसाला किती घरं?"

"चार. काल पाच झाली. सीझन आहे."

"आणि हे वहीत का नाही?"

"वहीत खाल्लेलं लिहायचं होतं ना?" जिजीला डॉक्टरांची कीव आली. एवढा शिकलेला माणूस. "मी खास नही डॉक्टर, मी चाखस."

डॉक्टरांनी उज्ज्वलाकडे बघितलं. उज्ज्वला भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत होती. एवढी वही लिहून, कणीक मोजून, सासू रोज सकाळी कुठे जाते हे तिला माहीत असून, तिच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. तिचंही बालपण याच गल्लीत गेलेलं. चाखणं हे खाणं नाही, हे तिलाही लहानपणापासून ठाऊक होतं.

मग डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडला. पाण्यात किती मीठ, किती खार, खारातसुद्धा तेच जे मिठात असतं, गोळी एवढी, लाटी एवढी. "बा, घरी मीठ सोडून तमे रोज बाहेर दीड चमचा मीठ खाऊन येता. माझ्या दोन गोळ्या काय करणार? त्या बिचाऱ्या तर बुडून गेल्या. चाखणं बंद."

"पूर्ण?"

"पूर्ण."

सुंदराजिजीनं भाव केला, भाजीवालीशी करावा तसा. चाखीन, पण गिळणार नाही. थुंकून चूळ भरीन. दवाखान्याच्या बाहेर सतरा पेशंट बसलेले होते. ते म्हणाले, बरं, पण एक थेंबही खाली नको. आणि वहीत आता तेही लिहायचं. कोणत्या घरी, किती मीठ, किती चाखलं, सगळं.

दुसऱ्या दिवसापासून सुंदराजिजी चाखायला निघाली की मागे उज्ज्वला वही, छोटा वजनकाटा आणि स्टीलचा डबा घेऊन निघायची. डबा थुंकायला. पहिल्याच घरी जिजीनं पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटले, बायका गळ्याकडे बघत राहिल्या आणि गळा हललाच नाही. जिजी डब्यात थुंकली. घरवालीचा चेहरा पडला. तिला वाटलं, आपलं पाणी एवढं वाईट झालं.

"नही वं, चांगलं शे," जिजी म्हणाली आणि चूळ भरली.

चांगलं आहे म्हणून थुंकणारं माणूस त्या गल्लीत आधी कुणी पाहिलेलं नव्हतं. पण सवय झाली. आठ-दहा दिवसांत बायकांनी आपापल्या घरी एक जुना डबा जिजीसाठी बाजूला काढला. उज्ज्वला प्रत्येक ठिकाणी मीठ आणि खार आधी काट्यावर ठेवायची आणि लिहायची. बायका हसायच्या. "काय वं उज्जू, पापडनी परीक्षा लेस का काय?" ती हसायची नाही. डॉक्टरांनी लिहा म्हटलं होतं.

एप्रिलच्या दहा तारखेला एकशे अडुसष्ट. वीस तारखेला एकशे चोपन्न. दवाखान्यातून येताना जिजीनं उज्ज्वलाला रिक्षा करू दिली नाही. चालत आली.

आणि त्याच आठवड्यात सरलाबाईचं पाणी उकळलं.

सरलाबाईचे पापड साधे नव्हते. तिची मुलगी नंदुरबारला दिलेली, तिच्या धाकट्या दिराचं मे महिन्यात लग्न, आणि लग्नाचे उडदाचे पापड सुरतेहून सरलाबाई पाठवणार असं बोलणं झालेलं. अकरा किलो. सुंदराजिजीनं चमचा तोंडात घेतला आणि तिच्या अंगावर शहारा आला.

"खारट," ती म्हणाली. "पानी वाढाव."

पाणी वाढवलं. पाणी वाढलं म्हणून पीठ वाढवलं. पीठ कुटून झाल्यावर गोळी घेतली. "आते बी खारट." पुन्हा पीठ. पीठ एवढं घट्ट झालं की कुटायला प्रवीणला बोलवावं लागलं. मुसळी वर उचलली की खालचं पीठही तिच्याबरोबर वर येत होतं. तिसऱ्यांदा जिजीनं लाटी चघळली, थुंकली आणि म्हणाली, "आते बस." उज्ज्वलानं वहीत आकडा लिहिला आणि त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. पण सासूच्या जिभेवर बोलायचं म्हणजे काय, ते तिला माहीत होतं. तिनं वही मिटली.

पापड वाळले, डब्यात बसले, नंदुरबारला गेले. चौथ्या दिवशी तिकडच्या विहीणबाईचा सरलाबाईला फोन आला. पापड मिळाले, फार छान आहेत, असं म्हणाली. हलके आहेत. घरात कुणी आजारी पडलं तर उपयोगी पडतील.

सरलाबाई सरळ जिजीच्या घरी आली. हातात नमुन्याचे उरलेले सहा पापड होते.

"भाज," ती उज्ज्वलाला म्हणाली.

उज्ज्वलानं गॅसवर भाजले. पहिला सरलाबाईनं स्वतः खाल्ला आणि बाकीच्यांच्या तोंडांकडे बघत बसली, कारण तिनं आधीच खाल्लेला होता. दुसरा उज्ज्वलानं चावला आणि खाली बघितलं. तिसरा शालिग्रामला दिला. त्यानं तो आख्खा संपवला, बोटं पुसली आणि खटखटीच्या वरून विचारलं, "ह्यामा मीठ कथं शे?" मग खिशात हात घातला, पुडी काढली आणि चौथ्या पापडावर भुरभुरवली.

सुंदराजिजीनं नखाएवढा तुकडा मोडून जिभेवर ठेवला. पापड सुंदर होता. मीठ जिथं असायला हवं तिथं होतं, ना पुढे ना मागे. इतका नेमका पापड गेल्या कित्येक वर्षांत तिनं चाखला नव्हता. तिनं एकेकाच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला. तोंडं धूसर होती, पण गप्प आहेत हे कळत होतं.

तिला सगळं कळायला तेवढा वेळ पुरला. तीन महिने घरात मीठ नाही, महिनाभर बाहेरचंही पोटात नाही. जीभ आता दुसऱ्याच हिशेबानं चालत होती.

"मनी जीभ गयी," ती म्हणाली.

"गयी नही," सरलाबाई म्हणाली. ती भांडायला आली होती, पण हे ऐकून तिचं भांडण जागच्या जागी बसलं. "उपाशी शे ती. जिजी, आठ दिवस लोनचं खा, नीट खा-पी. जीभ वळनवर यी जाई. दुसरं पीठ मी बारा तारीखले भिजाडसू. विहीणले तोंड दाखाडनं शे माले."

"दहा तारीखले मना डोळा शे."

"डोळा काय, दिवाळीलेबी व्हई."

ती गेली. दुपारी घर झोपलं. सुंदराजिजीनं स्टूल घेतलं, माळ्यावर हात घातला आणि लोणच्याची बरणी खाली आणली. एकसष्ट वर्षांची, न दिसणारी, बीपीची बाई स्टुलावर चढली, हे डॉक्टरांच्या वहीत कधीच आलं नाही. झाकण उघडल्यावर वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. तीस वर्षांत तिच्याशिवाय त्या गल्लीत एक पापड लाटला गेला नव्हता. एक फोड. मग रोज एक. डॉक्टर म्हणतील, कुठून वाढलं. दिवाळीला होईल डोळा. किंवा नाही होणार. तिनं फोड उचलून डोळ्यांसमोर धरली. काळसर काहीतरी होतं. नाकाला लागेपर्यंत जवळ आणली, तरी काळसर काहीतरीच राहिलं.

"उज्जू," तिनं हाक मारली. "हाई कैरीनं शे का लिंबूनं?"

उज्ज्वला दारात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

"मिरचीचं आहे, आत्याबाई."

सुंदराजिजीनं फोड बरणीत टाकली, झाकण लावलं आणि बोटं धुवायला मोरीपर्यंत भिंत धरून गेली. चाटली नाहीत. धुतली.

"सरलाले सांग," ती तिकडून म्हणाली, "माले नही जमाव."

संध्याकाळी उज्ज्वला वही घेऊन सरलाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली. वहीत साठ-सत्तर घरं होती. प्रत्येक घरी पीठ किती, मीठ किती ग्रॅम, खार किती, आणि जिजी काय म्हणाली. पहिल्या चाळीसेक घरांपर्यंत जिजीची जीभ जुनीच होती. त्या घरांचे पापड सगळ्यांनी खाल्ले होते, कुणाची तक्रार नव्हती. तिथं किलोला मीठ जवळपास सारखंच येत होतं, चौतीस ते छत्तीस. नंतरच्या घरांत ते उतरत गेलं होतं, तीस, सत्तावीस, आणि शेवटी सरलाबाई, बावीस. कागदावर जिजीची जीभ बीपीच्या मागोमाग खाली येताना दिसत होती.

"म्हणजे मन्या आधीनी पंधरा-वीस घरं बी," सरलाबाई म्हणाली.

"त्यांनी अजून डबे उघडले नाहीत," उज्ज्वला म्हणाली. "तुम्ही सांगू नका."

सरलाबाईनं शब्द दिला. तिला एकटीला अळणी राहायचं नव्हतं, त्यामुळे हे गुपित तिला फारच आवडलं. किलोला पस्तीस ग्रॅम, असं ठरलं. त्या गल्लीच्या आयुष्यात पहिल्यांदा पापडाचं मीठ जिभेनं नाही, काट्यानं ठरलं.

दहा मेला सकाळी जिजीनं दोन्ही गोळ्या घोटभर पाण्यात घेतल्या आणि हॉस्पिटलात बाकावर हात पसरून बसली. तीच सिस्टर होती. पट्टा गुंडाळला, फुगवला. उज्ज्वला मशीनकडे बघत होती. शालिग्राम उज्ज्वलाकडे बघत होता. जिजी समोर बघत होती, तिथं भिंत असावी.

"एकशे शेहेचाळीस, खाली शहाऐंशी," सिस्टर म्हणाली. "चला माजी."

"पुन्हा फुगवा," जिजी म्हणाली.

"कशाला?"

"खात्रीसाठी."

सिस्टरनं फुगवला. एकशे चव्वेचाळीस. जिजी उठली आणि आत गेली. शालिग्रामनं "किती ऊनं? किती ऊनं?" असं एवढ्या मोठ्यानं विचारलं की रांगेतल्या चार जणांनी त्याला आकडा सांगितला.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. चौथ्या दिवशी काळा चष्मा लावून ती डॉक्टर भूपेंद्रकडे दाखवायला गेली. डॉक्टरांना तिनं आधी नीट निरखून बघितलं. वीस वर्षांत ते बरेच जाड झाले होते, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"डोळा झाला," ती म्हणाली. "आता गोळ्या बंद ना?"

"ना बा. गोळ्या चालू, मीठ कमी, चालवानुं चालू."

"कुठपर्यंत? मरेपर्यंत?"

डॉक्टरांनी विचार केला. "त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तरी."

जिजीला हे पटलं. एक तारीख माहीत असली की माणूस नेमानं वागतो. जाता जाता तिनं त्यांच्या पोटाकडे बघून विचारलं, तुम्ही कधी मोजून घेतलं का? डॉक्टर म्हणाले, पुढचा पेशंट पाठवा.

त्या दुपारी सरलाबाईच्या घरावरच्या धाब्यावर अकरा किलोचे दुसरे पापड वाळत होते. सरलाबाई मोठ्या आनंदात होती. एक भाजून सगळ्यांना वाटला होता. शालिग्रामनं खाल्ला आणि खिशात हात घातला नव्हता. ही सगळ्यात मोठी पावती. सुंदराजिजी कठडा न धरता जिना चढून वर आली. कुणी तिला चाखायला दिलं नाही, तिनंही मागितलं नाही. साडीवर पसरलेल्या पापडांच्या रांगांसमोर ती उभी राहिली आणि बघत राहिली. किती बघितलं तरी तिचं पोट भरेना.

मग ती वाकली. एक पापड उचलून तिनं उन्हाकडे धरला, चष्मा जरा वर केला, खाली केला. पापड फिरवला.

"सरला," ती म्हणाली, "हाई कड जाडी शे. हाई बी. हाऊ ते गोल बी नही." ती पुढच्या रांगेकडे गेली. "आनी ह्या मझारमा फाटेल शेत. कोनी लाटात ह्या?"

सरलाबाईनंच लाटले होते. तीस वर्षं तीच लाटत आली होती आणि शेवटची दहा वर्षं कुणी काही बोललं नव्हतं. जिजी एकेक पापड उचलत, उन्हाला लावत, बाजूला ठेवत चालली होती. बाजूची चळत वाढत होती. अजून सात रांगा बाकी होत्या आणि ऊन भरपूर होतं.

सरलाबाई कठड्यावर बसली, पदरानं वारा घेतला.

"जिजी," ती म्हणाली, "तुनी जीभच बरी व्हती वं माय."